सहकुटुंब तीर्थन, आणि ट्राउटसाठी सकाळचे तीन तास

कुटुंबाच्या सहलीत फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-केसांच्या बनावट माशीने ट्राउट हा थंड पाण्यातला मासा पकडणं, बसवायचं असेल तर दिवसातले तीनच तास मागायचे, तेही बाकीचे झोपेत असतानाचे. पहाटे साडेपाचला नदीवर, साडेआठला परत, नऊला सगळ्यांबरोबर नाश्त्याला. ही घरच्यांसाठी केलेली तडजोड वाटेल, पण उन्हाळ्यातल्या हिमालयी नदीचं वेळापत्रकही हेच आहे. रात्री वर गारठा असतो, बर्फ वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे पाणी कमी आणि नितळ असतं. ऊन चढल्यावर वितळलेलं पाणी खाली पोचायला दुपार होते, आणि तोवर धार फुगून गढुळलेली असते. म्हणजे मुलांना धबधबा आणि आजीला मंदिर बघायचं असतं त्या वेळी नदीवर उभं राहूनही फारसं काही हाती लागणार नसतं. मुक्काम, सामान, परवाना हे सगळं आम्ही या तीन तासांभोवतीच आखतो.

नागपूरकरांचे जवळचे डोंगर म्हणजे चिखलदरा आणि पचमढी. तिथे ट्राउट नाही, कारण पाणी गरम. ब्राउन ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० अंशांच्या वर गेलं की तो खाणं टाकतो आणि दगडाखाली दडून बसतो. त्यामुळे जायचं ते हिमाचलात. तिथेही हा मासा मूळचा नव्हे; १९०९ च्या सुमारास इंग्रजांनी काश्मीरमधून आणून कुल्लूकडच्या नद्यांत सोडला आणि तो तिथे रुजला. कुल्लू जिल्ह्यातलं तीर्थन खोरं आम्हाला सहकुटुंब जायला सगळ्यांत सोयीचं वाटतं. नदी रस्त्याला लागून वाहते, घरगुती मुक्कामाची सोय भरपूर आहे, आणि गुशैणी गाव १६०० मीटरच्या आसपास असल्याने थेट ३१० मीटरवरच्या नागपुरातून गेलं तरी म्हाताऱ्या माणसांना उंचीचा त्रास होत नाही. मंडी जिल्ह्यातलं बरोट, म्हणजे उहल नदी, हाही चांगला पर्याय आहे. पण तिथे मासेमारी न करणाऱ्यांना दोन दिवसांनंतर काय करायचं हा प्रश्न पडतो.

तारखा ठरवताना गोंधळ होतो तो शाळेच्या सुट्ट्यांमुळे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून बहुतेक कुटुंबं नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, टाळायला मेच्या अखेरीस निघतात. नेमकं तेव्हाच वर बर्फ सर्वांत जोरात वितळत असतं. नागपुरात ४५ अंश म्हणजे तीर्थनमध्ये दुपारी पांढरट गढूळ पाणी, असं समीकरण धरून चालावं. मेचा पहिला पंधरवडा मिळाला तर घ्यावा. जून उजाडला तर पहाटेच्या तीन तासांवर समाधान मानावं. जुलै-ऑगस्टचा विचारच नको. पाऊस, दरडी, आणि चहाच्या रंगाची नदी.

दिवाळीच्या सुट्टीत पाणी उत्तम असतं, पण तिथे एक मेख आहे. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या विशीत होती, म्हणून जमण्यासारखं होतं. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे त्या सुट्टीत रॉड घरीच राहील. तिकिटं काढण्याआधी हे बघायला हवं.

प्रवास सरळ आहे. नागपूरहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या दिवसभर असतात. दिल्लीच्या काश्मीरी गेटवरून रात्रीची मनालीची व्होल्वो धरायची आणि सकाळी मनालीपर्यंत न जाता औटला, बोगद्याच्या आधी उतरायचं. कंडक्टरला रात्रीच सांगून ठेवावं, नाहीतर झोपेत बोगदा पार होतो आणि पुढे कुठेतरी उतरून उलटं यावं लागतं. औटवरून लारजी, बंजार करत गुशैणीपर्यंत टॅक्सीने साधारण दीड तास. पोचल्याच्या दिवशी नदीवर जायचा हट्ट धरू नये. दोन रात्री गाडीत काढलेल्या माणसांना सोडून तुम्ही रॉड जोडायला बसलात तर पुढच्या सगळ्या पहाटांवर गदा येते.

मुक्काम निवडताना आम्ही खोलीच्या फोटोंआधी एकच गोष्ट विचारतो: दारातून नदीपर्यंत चालत किती मिनिटं? दहाच्या आत असेल तरच. वर उतारावरची, देखणा देखावा असलेली घरं टाळतो. तिथून नदीवर यायला पाऊण तास, चढून जायला तास, आणि तीन तासांतले पावणेदोन तिथेच संपले. शाकाहारी मंडळी असतील तर स्वयंपाकाचंही आधीच बोलून घ्यावं. बहुतेक घरांत राजमा, सिड्डू (वाफवलेली भरलेली रोटी), भाजी-पोळी सहज मिळते. वेगळी भांडी हवी असतील तर मात्र ते आधी सांगावं लागतं.

परवाना मत्स्य विभागाचा असतो, माणशी आणि दिवसाच्या हिशेबाने. घरमालकाला आदल्या आठवड्यात सांगितलं तर तो कुठून, कधी मिळेल ते बघून ठेवतो. ओळखपत्राची प्रत लागते. परवाना खिशात ठेवायचा, खोलीत नाही. नदीवर रखवालदार विचारतो. किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात हे परवान्यावरच वाचून घ्यावं. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. या उद्यानाला २०१४ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. गावाच्या मंदिराखालच्या डोहात मासे दिसले तरी आधी गावात विचारावं. हिमाचलात देवाचे मानलेले मासे असलेले डोह आहेत. जोगिंदरनगरजवळच्या मछियालमध्ये तर लोक त्यांना पीठ खाऊ घालतात.

आता सामान. एक रॉड, एक रीळ, एक डबी, एवढंच. नऊ फुटांचा, पाच नंबरचा (हा नंबर दोराच्या वजनाचा), चार तुकड्यांचा रॉड घ्यावा. त्याची नळी साधारण ७५ सेंटीमीटरची होते, बर्थखाली मावते. विमानाने जाणार असाल तर रॉड आणि गळ दोन्ही चेक-इनच्या बॅगेत टाका, सुरक्षा तपासणीत वाद घालण्यात अर्थ नाही. रिळावर आधी बॅकिंग (दोराखालचा राखीव बारीक धागा), मग पाच नंबरचा तरंगता दोर, त्यापुढे नऊ फुटांचा निमुळता लीडर ४एक्स (दोर आणि माशी जोडणारा पारदर्शक धागा), आणि शेवटी दीड-दोन फूट ५एक्स टिपेट (माशी बांधायचा सर्वांत बारीक धागा). ५एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडी, ४एक्स ०.१८. गळाच्या नंबराला तीनने भागलं की टिपेटचा एक्स ढोबळमानाने मिळतो: १४ नंबरच्या माशीला ५एक्स, १२ ला ४एक्स.

साध्या गळात जड शिसं हलक्या दोऱ्याला ओढत नेतं. इथे उलट आहे. माशी म्हणजे पिसं-केसांचा जवळजवळ वजनरहित पुंजका. वजन असतं ते दोरात. पाच नंबरच्या दोराच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे जेमतेम नऊ ग्रॅम. ते मागे पूर्ण उलगडलं की रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड सरळ होताना दोर पुढे फेकतो. दोर मागे उलगडायला वेळ न देता हात पुढे आणला की चाबकासारखा फट्ट आवाज येतो आणि माशी तुटून जाते. नवशिक्यांच्या निम्म्या माश्या अशाच जातात, माशांना नाही.

म्हणून सराव नागपुरातच, निघण्याआधी दोन-तीन आठवडे, पहाटे साडेपाच-सहाला मोकळ्या मैदानावर. गळ कापलेली माशी किंवा लाल लोकरीचा तुकडा बांधायचा. गवत हवं, सिमेंटवर किंवा डांबरावर दोराचं आवरण खरवडलं जातं आणि मग तो रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. फुटाळा तलावाच्या काठावर सराव करू नये, मागे फिरायला आलेली माणसं असतात. रॉड घड्याळातल्या १० आणि १ यांच्या मधेच हलवायचा आणि दोन्ही टोकांना झटक्यात थांबवायचा. मनगट मागे वाकलं की रॉड तीनपर्यंत जातो आणि दोर मागच्या गवतात आपटतो. लांब फेकायचा नाद सोडा. तीर्थनमध्ये २० ते ३० फुटांपलीकडे फेकावं लागत नाही. त्याऐवजी रोल कास्ट शिका: दोर मागे न नेता पाण्यावरूनच वळसा देऊन पुढे लोटायचा. नदीकाठी झाडं अगदी पाठीला लागलेली असतात, तिथे हीच फेक उपयोगी पडते. फक्त ती गवतावर नीट होत नाही, कारण दोराला पाण्याची पकड लागते.

नागपूरच्या उन्हाळ्यातली एक खास अडचण: सामान गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडीतल्या उष्णतेने दोराचं प्लास्टिक आवरण चिकट होतं, रिळावरचे वेढे पक्के बसतात आणि नदीवर दोर स्प्रिंगसारखा गुंडाळत राहतो. टिपेटचं नायलॉनही उष्णतेने आणि उन्हाने कमकुवत होतं. मागच्या वर्षीची गुंडाळी दोन हातांत ओढून बघावी. कट्ट करून सहज तुटली तर नवी घ्यावी. टिपेट हे सगळ्या सामानातलं सर्वांत स्वस्त आणि मासा घालवायला सर्वांत मोठं कारण.

डबीत फार प्रकार नकोत. पितळी किंवा टंगस्टन मण्याच्या फेझंट टेल आणि हेअर्स इअर निम्फ (पाण्याखाली बुडणाऱ्या माश्या), १२ ते १६ नंबर, प्रत्येकी सहा. तरंगणाऱ्या अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, १४ नंबर, प्रत्येकी चार. पाणी थोडं गढूळ असेल तर काळी किंवा ऑलिव्ह वूली बगर (बुडणारी मोठी केसाळ माशी), ८ किंवा १० नंबर, चार. सगळ्या गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे चिमट्याने दाबून सपाट करा, आणि ते घरीच करा. मुलं बरोबर असताना काटेरी गळ वापरू नये असं आमचं ठाम मत आहे. बिनकाट्याचा गळ कातडीत घुसला तर आला त्या वाटेने निघतो. काट्याचा घुसला तर बंजारचा दवाखाना गाठावा लागतो आणि सगळ्यांचा दिवस जातो. टोपी आणि गॉगल सक्तीचे. गॉगल पोलराइज्ड असला तर पाण्यावरची चमक जाऊन तळाचे दगडही दिसतात, डोळे वाचतात ते वेगळंच.

वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) नेत नाही. जड होतात, वाळत नाहीत आणि एवढ्याशा वेळेसाठी निम्मी बॅग खातात. लवकर वाळणारी पँट, लोकरीचे मोजे आणि खरखरीत तळाचे जुने बूट पुरतात. पाणी इतकं थंड असतं की पंधरा-वीस मिनिटांत पायांना बधिरपणा येतो, आणि बधिर पाय शेवाळलेल्या धोंड्यावर घसरतात. गुडघ्याच्या वर पाण्यात शिरायचं नाही, हा नियम आम्ही मोडत नाही. मासे बहुतेक वेळा काठालगतच असतात, त्यामुळे आत शिरून मिळतं काही नाही.

रात्री जेवणानंतर रॉड जोडून, लीडर, टिपेट, माशी सगळं बांधून व्हरांड्यात आडवा ठेवायचा, उंदीर आणि कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं. पहाटे अंधुक उजेडात, गार बोटांनी ०.१५ मिलिमीटरचा धागा गळाच्या डोळ्यात ओवणं म्हणजे वीस मिनिटं गेली. तीन तासांतली वीस.

नदीवर पोचल्यावर लगेच पाण्याजवळ जायचं नाही. ट्राउट धारेकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने वरच्या अंगाकडे सरकत जायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. तीर्थनचं पाणी धोंड्यांमधून उसळत जातं. प्रत्येक धोंड्याच्या मागे हातभर शांत जागा असते. तिच्या आणि वेगवान धारेच्या सीमेवर मासा थांबतो, कारण तिथे पोहायला कष्ट कमी आणि खाणं शेजारून वाहत जातं. माशी त्या सीमेच्या एक मीटर वर टाकायची आणि रॉड उंच धरून दोर पाण्याला लागू द्यायचा नाही. दोर मधल्या वेगवान धारेवर पडला की तो माशीला ओढतो, माशी पाण्यापेक्षा वेगाने पळते, आणि मासा तिच्याकडे बघतही नाही. एक-दोन मीटरचा मोकळा प्रवाह मिळाला तरी पुरे. एका जागी चार-पाच फेकी, मग पुढचा धोंडा.

निम्फ वापरताना छोटा इंडिकेटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, माशीच्या वर, पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर लावायचा. तो थबकला, बुडाला, किंवा धारेपेक्षा वेगळा चालला की रॉड उचलायचा. दर चार-सहा फेकींत एकदा तरी माशी तळाच्या दगडाला लागायला हवी. कधीच लागत नसेल तर ती माशांच्या डोक्यावरून चालली आहे. जड मण्याची लावा. दर वेळी अडकत असेल तर इंडिकेटर खाली सरकवा. सुरुवातीला मासा न लागण्याचं कारण माशीचा रंग क्वचितच असतो, खोलीच चुकलेली असते. हे माहीत असूनही लोक रंग बदलत बसतात. लीडरमध्ये गुंता झाला तर दोन मिनिटं बघावं. नाही सुटला तर कापून नवा टिपेट बांधावा.

घरची मंडळी कधी कधी सातच्या सुमारास चहाचा थर्मास घेऊन येतात, आणि यावंच. फक्त जागा ठरलेली असावी: ते तुमच्या खालच्या अंगाला, तुम्ही वर. मुलांनी दगड टाकले, पाय बुडवले तरी गढूळपणा खाली वाहून जातो, आणि ते पाणी तुमचं आधीच तपासून झालेलं असतं. उलट बसवलं तर दोघांचाही विरस. फेकणाऱ्याच्या मागे पंधरा मीटरपर्यंत कुणी उभं राहायचं नाही. मागे गेलेला दोर पुढच्याइतकाच लांब असतो, हे फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी टेंकारा रॉड उत्तम. रीळ नाही, १२ फुटांचा, दुर्बिणीसारखा मिटणारा रॉड, टोकाला रॉडच्याच लांबीचा दोर आणि पुढे तीन फूट टिपेट. गावाकडच्या तळ्यावर बांबूच्या काठीने गळ टाकलेल्या मुलाला पाच मिनिटांत जमतो. अर्धा तास दिला की पुरे. कंटाळायच्या आत रॉड काढून घेतला तर दुसऱ्या पहाटे ते स्वतःहून उठतं.

मासा लागला की हात ओले करूनच धरायचा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर त्या जागी बुरशी धरते. रबरी जाळी, मासा पाण्यातच ठेवून गळ काढणं, फोटोसाठी जेमतेम काही सेकंद बाहेर, मग तोंड धारेकडे करून तो स्वतः निघेपर्यंत आधार. घरच्यांना ट्राउट खायचा असेल तर खोऱ्यातल्या शेततळ्यांमधला रेनबो ट्राउट घ्यावा. घरमालक आणून देतो, तळूनही देतो. त्याने ताटाचा आणि नदीचा, दोघांचाही प्रश्न सुटतो.

पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट कडक ठेवावी. तीर्थनवर मोठं धरण नाही, पण ती लारजीजवळ बियासला मिळते आणि तिथे धरण आहे. ८ जून २०१४ ला त्या धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते पात्रातल्या दगडांवर फोटो काढत होते. औटकडून येता-जाता गाडी थांबवून बियासच्या पात्रात उतरायचं नाही. तीर्थनवर धोका ढगफुटीचा. पाण्यात अचानक पालापाचोळा, काटक्या दिसू लागल्या किंवा रंग बदलला, तर वर कुठेतरी पाऊस झाला आहे असं समजून गळ न गुंडाळताच काठ चढायचा.

नऊनंतरचा दिवस पूर्णपणे बाकीच्यांचा. एक दिवस ३१२० मीटरवरची जलोरी खिंड आणि तिथून पाचेक किलोमीटर चालत सेरोलसर तलाव; एक दिवस जिभी; बंजारजवळ चैहणी कोठीचा लाकूड-दगडाचा उंच मनोरा; एक दिवस उद्यानाच्या वाटेवर जमेल तितकी पायपीट. जलोरीच्या दिवशी पहाटेची मासेमारी रद्द करावी, त्या दिवशी निघायला उशीर चालत नाही. संध्याकाळचा तास मिळाला तर बोनस. मिळणार असं सांगून ठेवू नये.

एखाद्या पहाटे मुख्य नदी गढूळ निघाली तर परत फिरण्याआधी गुशैणीच्या संगमावर बघावं. तिथे फलाचन ओढा तीर्थनला मिळतो आणि दोन्हींची पाणलोट क्षेत्रं वेगळी आहेत. रात्री एकीकडे पाऊस झाला तरी दुसरीकडचं पाणी पुष्कळदा नितळ असतं. संगमाच्या खाली, जिथे स्वच्छ आणि गढूळ पाण्याची रेघ दिसते, तिथे रेघेच्या स्वच्छ बाजूला वूली बगर टाकावी. दोन्ही गढूळ असतील आणि पाण्यात उभ्या बुटाचं टोक दिसत नसेल, तर सरळ नाश्त्याला जावं.